दुरुस्ती : आत्ता नको

"अगं ए! मारशील तिला!"

ती दचकून जागीच थांबली. आजूबाजूला पाहिलं. लांबलचक व्हरांडा, भिंतीला टेकून ठेवलेली काळी खोकी, आणि मधोमध ती स्वतः, डाव्या कोपराभोवती माइकची वायर गरागरा गुंडाळत. मारण्याजोगं कुणीच दिसेना.

"कुणाला मारीन?"

"वायरला. अशी कोपराला पीळ देऊन गुंडाळली की आतल्या तारा तुटतात. वरून धडधाकट दिसते, आतून गेलेली असते."

बोलणारा खोक्यांमागून उठला. उंच, काटकुळा, आणि चष्म्याची उजवी काडी निळ्या चिकटपट्टीने बांधलेली. त्याने वायर तिच्या हातातून अलगद सोडवून घेतली. "एक वेटोळं सरळ... एक उलटं. सरळ... उलटं. तिला जसं वळायचंय तसं वळू द्यायचं."

पण ती पडली चष्मेवाल्याची मुलगी. वायर बघायची सोडून ती त्या काडीकडेच बघत राहिली.

"चष्मा डावीकडे कलतोय तुझा. सगळं तिरकं दिसत असेल."

"आत्तापर्यंत सरळ दिसत होतं," तो म्हणाला. मग आपण काय बोललो ते बहुधा त्याच्या ध्यानात आलं, कारण तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला, वायर तिच्या हातात कोंबली आणि पुन्हा खोक्यांमागे गेला तो बाहेरच येईना.

आता याचा काय अर्थ घ्यायचा? टोमणा होता? की... दुसरं काही? शिबिर सुरू होऊन पुरता अर्धा तास झाला नव्हता आणि तिच्या डोक्यात पहिला गुंता झालाही होता.

शिबिर उन्हाळ्याचं, बारा दिवसांचं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या वीस जणांना स्टुडिओत रेकॉर्डिंग कसं करतात ते शिकवायचं. शिकवणारे एकटे मास्तर. आयुष्य स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे, मशीनपाशी काढल्यामुळे माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्याचा आवाज त्यांच्या जास्त लक्षात राहायचा, आणि नावं तर मुळीच राहायची नाहीत. आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरवर ज्याच्यासाठी जी सरकपट्टी ठरली असेल, ते त्याचं नाव. ती सातव्या पट्टीवर आली म्हणून बारा दिवस "सातवी" झाली. ज्याला वायरींचा एवढा कळवळा, त्याचं "वायरमन" व्हायला वेळ लागला नाही.

मास्तरांचे नियमही त्यांच्यासारखेच होते. टेक, म्हणजे एकसलग रेकॉर्डिंग, सुरू झाला की एसी बंद, मग घामाने आंघोळ झाली तरी चालेल. शेवटचा सूर पुरता विरेपर्यंत कुणी हलायचं नाही. गाण्यानंतर उरलेलं रेकॉर्डिंगचं शेपूट कुणी कापायचं नाही, ते मास्तर स्वतः कापणार. आणि काहीही बिघडलं की दाराशी दोरीला बांधलेल्या बिघाडवहीत लिहायचं — काय बिघडलं, कधी बिघडलं, दुरुस्ती काय केली. "मशीन बिघडलं तर चालेल," ते म्हणायचे, "वहीत खोटं लिहिलं तर मात्र घरी."

घरी जाणं सातवीला परवडणारं नव्हतं. या बारा दिवसांसाठी आत्या बाबांशी चक्क भांडली होती. बाबा कमी बोलणारे. दुकानात समोरच्याच्या नाकावर चष्मा बसवताना बोलतील तेवढंच बोलायचे. ते शेवटी म्हणाले होते, "जाऊ दे. शेवटच्या दिवशी जे रेकॉर्ड होईल ते मला ऐकवा. पटलं तर पुढे गाणं शिकेल, नाही पटलं तर दुकानात बसेल. मग पुन्हा हा विषय नाही." बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि गंमत अशी, की माइक समोर आला की सातवीचा गळा बसायचा. घरात, जिन्यात, मोरीत कुठेही गा म्हणा, खळखळून गायची. माइक दिसला की दुसऱ्या ओळीतल्या चढणीवर सूर असा अडायचा, जसा बैल घाटात बसतो. गाणं तिचं स्वतःचं, चाल तिची, आणि चढणही तिनेच घातलेली. कुणाला दोष देणार?

मास्तरांनी जोड्या लावल्या. एकाने गायचं, एकाने रेकॉर्ड करायचं. सातवीच्या वाट्याला आला वायरमन.

"तू काय गातोस?" तिने विचारलं.

"मी नाही गात."

"म्हणजे वाजवतोस?"

"मी... जोडतो." त्याने हातातला प्लग दाखवला. "आमच्याकडे दादा गातो. आई म्हणते, एका घरात एक गळा पुरे. मला वायरी दिल्या."

हे तो इतक्या सहज बोलला की ती हसावं की वाईट वाटून घ्यावं या विचारात पडली, आणि त्या नादात दोन्ही राहून गेलं.

पहिल्या दिवशी चढणीवर सूर अडला तो अडलाच. दुसऱ्या दिवशी ती आत गेली, जाड दार लागलं, तिने हेडफोन चढवले. काचेपलीकडे वायरमन. त्याच्या छोट्या खोलीत स्पीकर नव्हते, त्यामुळे तोही हेडफोन लावूनच ऐकायचा. त्याच्यापुढे एक बटण होतं. ते दाबून बोललं की त्याचा आवाज फक्त तिच्या कानात जायचा. सोडलं की बंद.

"तयार?" त्याने बटण दाबून विचारलं. तिने मान हलवली. त्याने बोट उचललं, रेकॉर्डिंग सुरू केलं. लाल दिवा लागला.

ती गायला लागली. आणि पहिल्या ओळीच्या मध्यावर तिच्या कानात कुणीतरी गुणगुणायला लागलं.

हलका, जरासा खरखरीत आवाज. तिचीच चाल. तिने काचेतून पाहिलं. वायरमन मान खाली घालून पट्ट्यांवर बोटं ठेवून बसलेला. ओठ बंद. पण हनुवटी तालात हलत होती. तिला उमगलं — बटण वर आलंच नाही! आणि या भल्या माणसाच्या कानावर हेडफोन, त्यामुळे आपण गुणगुणतोय हे त्याचं त्यालाच ठाऊक नाही!

थांबून सांगावं का... हे मनात येतंय तोवर चढण आली, आणि सातवी ती चढून गेलीसुद्धा. दुसऱ्याचा हात धरून गच्चीचा जिना चढावा, तशी.

"आज काय खाल्लंस?" बाहेर आल्यावर वायरमनने विचारलं. चष्म्याआडचे डोळे आनंदाने मोठे झाले होते.

"का रे?"

"कसली चढलीस!"

सांगून टाकायची वेळ हीच होती. पण सांगितलं की तो थांबणार. तो थांबला की चढण पुन्हा अडणार, आणि मग दुकान. शिवाय... खरं सांगायचं तर नुसती दुकानाची भीती नव्हती. तो आवाज उद्या पुन्हा ऐकायचा होता तिला.

"काही नाही, पाणी जास्त प्यायले," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी टेकच्या ऐन मध्यात तो शिंकला. तिच्या कानात जणू फटाका फुटला आणि ती टुणकन उडाली. मग तिने हवेत टाळी वाजवून डास मारल्याचं जोरदार नाटक केलं. वायरमन काचेपलीकडून एकटक बघत राहिला. मग तो वाकून टेबलाखाली गेला आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. वर आला तेव्हा कान लाल होते. पेन पडलं, म्हणाला.

पाचव्या दिवशी गुणगुणणं बदललं. आता तो तिच्याच सुरात नव्हता, तर सुराच्या खालून चालत होता. ती वर गेली की तो खाली थांबायचा, ती थांबली की हलकेच पुढे सरकायचा. न कळत असं कुणी गाऊ शकतं? आणि हे तिच्यासाठी होतं, की गाण्यासाठी? की सवयच त्याची, उद्या ड्रमवाली आत बसली तरी असाच गुणगुणेल?

ही ड्रम वाजवणारी मुलगी सातवीच्याच खोलीत राहायची. तिला सातवीने आडून आडून विचारलं, "काल तुझ्या जोडीदाराच्या जागी वायरमन रेकॉर्ड करायला बसला होता ना? कानात काही... आलं?"

"कानात? मी वाजवत असताना माझ्या कानात देव बोलला तरी मला कळणार नाही," ड्रमवाली म्हणाली. "का गं? काय बोलतो तो तुझ्या कानात?"

"काही नाही!"

"एवढ्या मोठ्याने 'काही नाही'?" ड्रमवालीने उशी फेकून मारली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

बोलायला तो व्हरांड्यात भेटायचाच. शिबिराच्या वायरी दोघं मिळून गुंडाळायची. सरळ... उलटं. बोटं चुकून लागायची, मग दोघंही माफी मागायची, मग पुन्हा लागायची.

"मुलगी असून काय पण सुरेख गुंडाळतेस आता," तो चिडवायचा.

"मुलगा असून काय पण लाजतोस!"

"मी लाजत नाही. माझे कानच तसे आहेत."

दहाव्या दिवशी मात्र भांडं फुटलं. मास्तरांनी सगळ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाचा टेक मोठ्या स्पीकरवर लावला. सातवीचं गाणं सुरू झालं. सगळे माना डोलवू लागले. दोन कडव्यांच्या मधे ती श्वास घ्यायला थांबली, आणि मास्तरांनी हात वर केला.

"हे कोण?"

"कोण मास्तर?"

त्यांनी मागे नेऊन आवाज वाढवला. तिच्या श्वासामागे, अगदी बारीक, कुणीतरी गुणगुणत होतं. हेडफोनमधून गळून तो आवाज तिच्या माइकमध्ये शिरला होता. वायरमनच्या तोंडचं पाणी पळालं.

"मीच असेन," सातवी घाईघाईने म्हणाली. "मला गुणगुणायची सवय आहे."

"श्वास आत घेताना गुणगुणतेस? दोन गळे आहेत का तुला?" सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी तिचे आधीचे जमलेले टेक एकेक करून लावले. सगळ्यांत तेच. "गळती आहे. हे सगळे टेक बाद. शेवटच्या दिवशी तीन संधी मिळतील, त्यांतला एक घरी जाईल. तोवर लाइन तपासा."

सगळे बाद! पण त्याहून वाईट होता वायरमनचा चेहरा. ती त्याला गाठायला व्हरांड्यात धावली.

"ऐक ना... चूक माझी आहे. ते बटण अडकतं. मला दुसऱ्या दिवसापासून तुझं ऐकू येत होतं. तुला माहीत नव्हतं, मी सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तू थांबला असतास, आणि मला... मला ते..."

त्याच्या हातातली अर्धी गुंडाळलेली वायर जमिनीवर पडली.

"मी... जरा..." एवढंच म्हणून तो निघून गेला. वायर तशीच टाकून! वायरमन!

"चिडला असेल," ड्रमवालीने निदान केलं.

"की लाजला?"

"मुलगे दोन्ही वेळेला सारखेच दिसतात गं."

अकराव्या दिवशी तो वेगळ्या कोपऱ्यात जेवला. ती समोरून गेली तर त्याला एकाएकी बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. सँडल घातल्या होत्या त्याने. ती पार रडकुंडीला आली. बाबांचं काय होईल ते होईल, पण हा असा का वागतोय, एवढं तरी कुणी सांगा.

बाराव्या दिवशी सकाळी तिची पाळी आली. एसी बंद झाला. हेडफोन चढवले.

"तयार?" त्याने विचारलं, बोट उचललं, आणि टक् — बटण वर आलं. दुरुस्त झालं होतं. कानात निखळ शांतता. तिला त्या शांततेची भीतीच वाटली. पहिला टेक चढणीवर अडला. दुसराही अडला. मागे उभ्या मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. "पाच मिनिटं घे. पाणी पी. एकच राहिलाय."

ती बाहेर आली, पण पाण्याकडे गेलीच नाही. दाराशी बिघाडवही लटकत होती. बटण कुणी नीट केलं, कधी केलं, बघावं तरी, म्हणून तिने पानं उलटली. ती नोंद दहाव्या दिवसाची असेल अशी तिची खात्री होती. पण होती चौथ्या दिवसाची! त्याच्या बारीक, सरळ अक्षरात.

"चौथा दिवस. बोलायचं बटण अडकतं. इकडचं सगळं गाणारीच्या कानात जातं. दुरुस्ती : आत्ता नको."

खाली आणखी ओळी होत्या.

"सहावा दिवस. बटण तसंच. दुरुस्ती : अजून नको."

"आठवा दिवस. तसंच. दुरुस्ती : उद्या बघू."

"दहावा दिवस. दुरुस्ती : केली. (नाइलाजाने.)"

तिने ते तीनदा वाचलं. मग दोरीची गाठ सोडली, वही घेऊन आत गेली, हेडफोन चढवले आणि ते पान काचेला लावून चौथ्या दिवसावर बोट ठेवलं.

काचेपलीकडे वायरमनचे कान हळूहळू रंग बदलू लागले. मास्तर चहाला गेले होते. त्याने बटण दाबलं. या वेळी बोट बटणावरच ठेवलं.

"...वाचलंस?"

"वाचलं. आणि मी इतके दिवस स्वतःला चोर समजत होते!"

"मी शिंकलो आणि तू उडालीस. त्या खोलीत डास येत नाही गं, हवासुद्धा येत नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलत नव्हतीस. मला कळेना, तुला ऐकू येतंय आणि आवडतंय, की ऐकू येतंय आणि बिचारी सोसतेय. विचारलं असतं तर थांबावं लागलं असतं. आणि मला थांबायचं नव्हतं."

"मग परवा पळालास का?"

"तू माझी माफी मागायला लागलीस! माफी मी मागायला हवी होती. तुझे सगळे टेक माझ्यामुळे गेले. कुठल्या तोंडाने उभा राहू?"

चोरावर मोर! तिला हसू आलं, रडूही आलं, राग आला, आणि या सगळ्यांच्या तळाशी काहीतरी मोकळं झालं. घाबरट ती एकटी नव्हती. काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक होता.

"ऐक," ती म्हणाली. "आता एकदा गुणगुण. टेकच्या आधी. मग बटण सोड."

"टेकमध्ये?"

"टेकमध्ये मी गाईन."

तेवढ्यात मास्तर आले. वायरमनने त्यांच्याकडे पाहिलं नाही. डोळे मिटले आणि बटण दाबून एक ओळ गुणगुणला. उघडपणे, मास्तरांच्या देखत, ज्याच्या घरात एकच गळा पुरे होता, तो मुलगा. मास्तरांच्या भुवया वर गेल्या. मग टक्. लाल दिवा लागला.

कानात पुन्हा तीच शांतता होती, पण आता ती ओळखीची होती. सातवी गायली. पहिली ओळ गेली. चढण आली, आणि हात धरायला कुणी नाही हे माहीत असूनही ती चढली. वर पोचल्यावर एक क्षण थांबलीसुद्धा, सहज, इकडेतिकडे बघावं तशी.

शेवटचा सूर सुटला. हलायचं नाही. घामाचा थेंब कानामागून मानेवर उतरला. काचेपलीकडून तो तिच्याकडे बघत होता. सूर विरला, आणि वायरमन खुर्ची मागे सारून उठला, दोन जाड दारं ओलांडून थेट आत आला.

"चढलीस."

"चढले."

"मी यात काही केलं नाही हं."

"माहितेय. चष्मा वाकडा झालाय तुझा. इकडे ये."

तिने दोन्ही हातांनी चष्मा धरून नाकावर सरळ बसवला. बोटं कानांना लागली. ऊन-ऊन होते ते कान.

"आता कशी दिसते?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवशी दिसलीस तशीच. वायर मारत होतीस तेव्हा."

"म्हणजे कशी? नीट सांग. मला तुझ्या गुणगुणण्याचा अर्थ नाही लागत रे. बारा दिवस डोक्याचा नुसता भुगा झालाय."

"म्हणजे... तू मला आवडतेस. खूप. बस्स, एवढंच गुणगुणत होतो."

"मग मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "आणि गात जा रे तू. गळा आहे तुला. खरंच आहे."

"पोरांनो," तिने गळ्यात उतरवलेल्या हेडफोनमधून मास्तरांचा मोठा आवाज आला, "फार छान. आता जरा लाल दिव्याकडे बघा."

लाल दिवा जळत होता. माइक चालू होता. ज्याने आयुष्यात कधी रेकॉर्डिंग चालू ठेवून खुर्ची सोडली नसेल, तो वायरमन मटकन खाली बसला.

"मास्तर! शेपूट कापा ना, प्लीज!"

"शेपूट माझ्या मर्जीने," मास्तर म्हणाले आणि गंभीर चेहऱ्याने निघून गेले.

दुपारी सामान बांधून ती व्हरांड्यात बसली होती, शेजारी वायरमन, दोघांमध्ये एक वायर. फोन वाजला. बाबा! बाबा स्वतः कधीच फोन करायचे नाहीत, आत्याकडून करवायचे.

"ऐकलं," बाबा म्हणाले.

"हो बाबा..."

"दोनदा ऐकलं." दुकानाच्या काउंटरचा खण उघडल्या-मिटल्याचा आवाज आला. "दुकानात एक माणूस ठेवतो मी. तुला आता वेळ नसणार."

तिचा जीव भांड्यात पडला. वायरमन नुसत्या भुवयांनी विचारत होता, काय झालं, काय झालं?

"आणि हे बघ," बाबा म्हणाले. "गाणं संपल्यावर तो एक मुलगा आहे."

शेपूट कापलंच नव्हतं! मास्तर!

"बाबा... ते... रागावलात?"

पुन्हा खणाचा आवाज. रागावले होते की नाही, काही पत्ताच लागेना.

"चष्मा वाकडा आहे म्हणे त्याचा," बाबा म्हणाले. "घेऊन ये दुकानात. नीट बसवून देतो."